खाणीनंतरच्या डोंगरवाटा : अमेरिकेतील एक प्रयोग आणि हिमालयापुढील प्रश्न

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याचा दक्षिण भाग हा शतकभर कोळशाचा प्रदेश म्हणून ओळखला गेला. आज त्याच भागातील अरुंद दऱ्यांमध्ये शुक्रवारी सायंकाळपासून ओहायो, पेनसिल्व्हेनिया आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांतून येणाऱ्या मालवाहू गाड्यांची रीघ लागते. प्रत्येक गाडीमागे जोडलेल्या ट्रेलरवर रुंद, मऊ टायरांची छोटी वाहने बांधलेली असतात. ऑल टेरेन व्हेईकल, म्हणजेच एटीव्ही, या नावाने ती जगभर परिचित आहेत. तीन ते पाच दिवस एखाद्या लहान गावात मुक्काम करायचा, सकाळी खोलीच्या दारातून वाहन थेट डोंगरावर काढायचे, दुपारचे जेवण डोंगरापलीकडच्या दुसऱ्या गावात घ्यायचे आणि अंधार पडण्यापूर्वी परतायचे, असा या सहलींचा साधारण क्रम असतो. हॅटफिल्ड-मॅकॉय ट्रेल्स या नावाच्या या डोंगरवाटांचे जाळे ऑक्टोबर २००० मध्ये खुले झाले. आज त्याची एकूण लांबी १,६०० किलोमीटरहून अधिक आहे.

वरकरणी हा केवळ हौशी पर्यटनाचा विषय वाटेल. परंतु ज्या प्रदेशाचा मुख्य व्यवसाय हातातून निसटला तेथे डोंगर कोणाचा, वाट कोणाची, अपघाताची जबाबदारी कोणाची आणि पैसा कोणाच्या हाती राहतो, हे चारही प्रश्न या वाटांवर एकत्र आले आहेत. भारतातही हिमाचल प्रदेश, लडाख आणि उत्तराखंडच्या डोंगरांवर मोटारींची वर्दळ वर्षागणिक वाढत आहे. सोलंग खोऱ्यापासून महाराष्ट्रातील थंड हवेच्या ठिकाणांपर्यंत एटीव्ही भाड्याने देण्याचा व्यवसायही पसरला आहे. त्यामुळे या अमेरिकी प्रयोगाकडे थोडे बारकाईने पाहणे उपयुक्त ठरेल.

वाहनाचा स्वभाव

एटीव्हीचा इतिहास फार जुना नाही. जपानच्या होंडा कंपनीने १९७० मध्ये अमेरिकी बाजारात तीन चाकांचे असे वाहन आणले. फुग्यासारखे, कमी दाबाचे टायर हे त्याचे वैशिष्ट्य होते. चिखल, वाळू आणि बर्फ यांवर ते सहज चालत असे, मात्र वळणावर तितक्याच सहजपणे उलटतही असे. १९८० च्या दशकात अपघातांची संख्या इतकी वाढली की अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने उत्पादकांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. १९८८ मध्ये झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर तीन चाकी एटीव्हीची विक्री थांबली. सुझुकीने १९८० च्या दशकाच्या प्रारंभी आणलेले चार चाकी रूप पुढे सर्वमान्य झाले.

चौथे चाक आले म्हणून धोका संपला नाही. हे वाहन जमिनीपासून उंच, लांबीने आखूड आणि वजनाने चालकाच्या कित्येक पट असते. घोड्यावर बसल्याप्रमाणे त्यावर बसावे लागते. चढावर पुढे झुकणे, उतारावर मागे सरकणे, आडव्या उतारावर डोंगराच्या बाजूला कलणे, हे सर्व चालकाने आपल्या शरीराने करायचे असते. म्हणूनच एका माणसासाठी बनवलेल्या एटीव्हीवर मागे दुसऱ्याला बसवले की चालकाला हलायला जागा उरत नाही आणि तोल बिघडतो. भारतातील पर्यटनस्थळांवर आई-वडील आणि मूल एकाच वाहनावर बसून छायाचित्र काढताना दिसतात तेव्हा त्यातील धोका त्यांना कोणी सांगितलेला नसतो. गेल्या काही वर्षांत अमेरिकेत शेजारी-शेजारी आसने, पट्टे आणि डोक्यावर लोखंडी पिंजरा असलेली वाहने अधिक लोकप्रिय झाली आहेत. त्यामागे हेही एक कारण आहे.

महाराष्ट्रातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ही यंत्ररचना अपरिचित नाही. २००७ पासून भारतात भरणाऱ्या ‘बाहा एसएई इंडिया’ या स्पर्धेसाठी राज्यातील अनेक महाविद्यालयांचे संघ स्वतः आराखडा काढून अशी वाहने तयार करतात. मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे त्यांची कसोटी लागत आली आहे. पुणे, नाशिक किंवा सांगलीच्या कार्यशाळेत रात्र-रात्र जागून वेल्डिंग करणाऱ्या त्या मुलांना पिंजरा, पट्टा आणि गुरुत्वमध्य यांचे महत्त्व जितके कळते तितके ते भाड्याचा व्यवसाय करणाऱ्यांना कळत असते तर बरे झाले असते.

कोळशाचा उतार

हॅटफिल्ड आणि मॅकॉय ही दोन घराण्यांची नावे आहेत. टग फोर्क नदीच्या एका काठावर वेस्ट व्हर्जिनियात हॅटफिल्ड राहत, तर दुसऱ्या काठावर केंटकी राज्यात मॅकॉय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या दोन कुटुंबांत वर्षानुवर्षे रक्तरंजित वैर चालले आणि त्याच्या कथा पुढे अमेरिकाभर पसरल्या. पर्यटकांना ओढण्यासाठी हे नाव निवडले गेले यात नवल नाही. वास्तविक या भागाचा खरा इतिहास भाऊबंदकीपेक्षा खाणकामगारांच्या लढ्यांचा आहे. मेटवान या गावात १९२० मध्ये संघटित होऊ पाहणारे कामगार आणि कंपनीने पाठवलेले खासगी बंदूकधारी यांच्यात गोळीबार झाला आणि अनेकांचे प्राण गेले. आज एटीव्हीस्वार दुपारच्या जेवणासाठी त्याच गावात थांबतात.

या प्रदेशाच्या घसरणीची कल्पना मॅकडॉवेल या एका काऊंटीच्या लोकसंख्येवरून येऊ शकते. १९५० मध्ये तेथे जवळपास ९९ हजार लोक राहत होते. २०२० च्या जनगणनेत हा आकडा १९ हजारांच्या थोडा वर उरला. म्हणजे सत्तर वर्षांत पाचांपैकी चार माणसे कमी झाली. याचे पहिले कारण पर्यावरणाचे कायदे नव्हेत, तर यंत्रे होत. दुसऱ्या महायुद्धानंतर कोळसा कापणारी अवजड यंत्रे खाणीत उतरली आणि तेवढाच कोळसा काढण्यासाठी पूर्वीच्या तुलनेत थोडी माणसे पुरू लागली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस संपूर्ण राज्यात सव्वा लाखाच्या आसपास खाणकामगार होते. आज ती संख्या त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या जवळपास आहे. अध्यक्ष केनेडी यांनी १९६१ मध्ये गरिबांसाठी अन्नकूपनांची योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू केली, तेव्हा पहिली कूपने याच मॅकडॉवेल काऊंटीतील एका बेरोजगार खाणकामगाराच्या कुटुंबाला मिळाली होती. वॉलमार्ट या साखळीने २०१६ मध्ये येथील आपले मोठे दुकान बंद केले तेव्हा नोकऱ्या तर गेल्याच, पण ताजी भाजी आणि फळे मिळण्याचे एक प्रमुख ठिकाणही गेले.

कोळसा पूर्णपणे संपला असे मात्र नाही. पोलाद उद्योगाला लागणारा उच्च प्रतीचा कोळसा येथून अजूनही निघतो आणि अमेरिकी कोळशाच्या मोठ्या परदेशी ग्राहकांत भारताचा समावेश होतो. भारतीय पोलाद भट्ट्या धगधगत राहिल्या तर या दऱ्यांमधील काही शे घरांतील चूल पेटते, इतका हा संबंध थेट आहे. परंतु काही शे घरांवर काऊंटी चालत नाही.

१९९६ चा कायदा

१९९० च्या दशकात राज्यातील काही मंडळींच्या मनात एक कल्पना आली. खाणींनी आणि लाकूड कंपन्यांनी डोंगरांवर हजारो किलोमीटरचे कच्चे रस्ते करून ठेवले होते. स्थानिक तरुण त्यांवर विनापरवाना वाहने पळवत होतेच. मग या रस्त्यांना कायदेशीर रूप देऊन बाहेरच्या पर्यटकांना का बोलावू नये? अडचण जमिनीच्या मालकीची होती. अमेरिकेच्या पश्चिमेकडील यूटासारख्या राज्यांत डोंगर बहुतांशी केंद्र सरकारचे आहेत. तेथे फिशलेक राष्ट्रीय वनातून जाणारी प्रसिद्ध पायूट एटीव्ही वाट शासकीय जमिनीवर आहे. अध्यक्ष निक्सन यांनी १९७२ मध्ये काढलेल्या आदेशानुसार अशा सार्वजनिक जमिनींवर वाहनांसाठी वाटा निश्चित करण्याचे बंधन संबंधित खात्यांवर आहे. वेस्ट व्हर्जिनियाच्या दक्षिणेत परिस्थिती नेमकी उलट होती. येथील डोंगर मोठ्या प्रमाणावर जमीनधारक आणि कोळसा कंपन्यांच्या मालकीचे आहेत आणि यातील अनेक कंपन्यांची मुख्यालये राज्याबाहेर आहेत. आपल्या जमिनीवर कोणी पडून जखमी झाला तर नुकसानभरपाईचा दावा आपल्यावर येईल, ही भीती या कंपन्यांना होती.

राज्याच्या विधिमंडळाने १९९६ मध्ये हॅटफिल्ड-मॅकॉय प्रादेशिक मनोरंजन प्राधिकरण स्थापन करून या भीतीवर उपाय काढला. या सार्वजनिक संस्थेने जमीनमालकांशी करार करावेत, वाटांची आखणी व देखभाल करावी, विमा उतरवावा आणि परवाने विकावेत, अशी ही रचना होती. वाटेवर झालेल्या अपघाताबद्दल जमीनमालकांना कायद्याने मोठ्या प्रमाणावर संरक्षण देण्यात आले. मालकांना यातून भाड्याचे फारसे उत्पन्न मिळत नाही. त्यांना मिळते ती जमिनीवरील राखण. वाटा आखलेल्या असल्या आणि त्यांवर गस्त असली की अनधिकृत घुसखोरी, कचरा टाकणे आणि लाकूडचोरी यांना काहीसा आळा बसतो. कंपनीला पुन्हा खाण सुरू करायची असेल किंवा झाडे तोडायची असतील, तर वाट बंद करून दुसरीकडून वळवली जाते. जमिनीवरचा शेवटचा शब्द मालकाचाच राहतो.

या व्यवस्थेतील एक तपशील लक्षात घेण्याजोगा आहे. परवाना वाहनाला दिला जात नाही, तर व्यक्तीला दिला जातो. चालवणारा असो वा शेजारी बसणारा, प्रत्येकाला तो घ्यावा लागतो. राज्यातील रहिवाशांना तो स्वस्त आणि बाहेरच्यांना महाग पडतो. बहुसंख्य परवाने बाहेरचेच लोक घेतात. म्हणजे वाट राखण्याचा खर्च मुख्यत्वे ती वापरणारा पाहुणा उचलतो. प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे, मग डोक्यावर पिंजरा असो वा नसो. मद्यपानाला बंदी आहे. वेगमर्यादा ताशी २५ मैल, म्हणजे सुमारे ४० किलोमीटर आहे. अंधारात वाटा बंद असतात. एका माणसाच्या वाहनावर दोघांना बसता येत नाही. आखलेली वाट सोडून रानात शिरणे हा गुन्हा आहे. वाटांची अवघडपणानुसार प्रतवारी केलेली असते आणि त्यानुसार खुणा लावलेल्या असतात, जेणेकरून नवख्याने चुकून कड्याच्या वाटेला लागू नये.

दुसरा तपशील गावांविषयी आहे. मेटवान, गिल्बर्ट, मॅन, ब्रॅमवेल, वेल्च अशा गावांनी आपले रस्ते या वाहनांसाठी मर्यादित वेगाने खुले केले. त्यामुळे पर्यटकाला वाहन पुन्हा ट्रेलरवर चढवावे लागत नाही. तो इंधन गावात भरतो, जेवण गावात घेतो, दुरुस्ती गावात करून घेतो. मोठ्या हॉटेल साखळ्या या दऱ्यांत क्वचितच आल्या. ओस पडलेली शाळेची इमारत, आजोबांचे रिकामे घर, बंद पडलेले दुकान यांतून स्थानिकांनी निवासाची सोय उभी केली. अनेक दिवसांच्या सहलीमुळे पैसा गावात उतरतो तो असा. एका तासाच्या फेरीचे तिकीट फाडणाऱ्या पर्यटनात हे घडत नाही. शेजारच्या व्हर्जिनियाने २००८ मध्ये आणि केंटकीने त्यानंतर दहा वर्षांनी अशाच स्वरूपाची प्राधिकरणे निर्माण केली. या कल्पनेत काही तथ्य आहे, याची शेजाऱ्यांनी दिलेली ही पावतीच म्हणावी लागेल.

जमेची आणि खर्चाची बाजू

तथापि या प्रयोगाचे गोडवे गाताना काही गोष्टी झाकल्या जातात. खाणकामगाराला संघटनेच्या बळावर मिळणारे वेतन, वैद्यकीय सुविधा आणि निवृत्तिवेतन यांची बरोबरी खोल्या झाडण्याचे किंवा खाद्यपदार्थ वाढण्याचे काम करू शकत नाही. पर्यटन वर्षभर चालते असे सांगितले जात असले तरी गर्दी वसंत आणि शरद ऋतूंतच असते. वाटा खुल्या होऊन पंचवीस वर्षे उलटली, तरीही मॅकडॉवेलमधून लोकांचे जाणे थांबलेले नाही. २०१० ते २०२० या दशकात लोकसंख्या घटण्याचे प्रमाण अमेरिकेच्या सर्व राज्यांत वेस्ट व्हर्जिनियात सर्वाधिक होते. पर्यटन ही या प्रदेशाची जखम भरून काढणारी गोष्ट ठरलेली नाही. रक्तस्राव थोडा कमी करणारी पट्टी, एवढेच तिचे मूल्यमापन प्रामाणिकपणे करता येते. ज्या गावात दुसरे काहीच उरलेले नाही तेथे पट्टीचेही मोल असते, हे मात्र मान्य करावे लागेल.

याहून गंभीर बाब मूलभूत सुविधांची आहे. कोळसा कंपन्यांनी वसाहती उभारताना टाकलेल्या पाण्याच्या वाहिन्या कंपन्या गेल्यावर गंजत पडल्या. मॅकडॉवेलमधील अनेक वस्त्यांत आजही पाणी उकळून पिण्याच्या सूचना वारंवार निघतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या पुराने वेल्चसह काऊंटीतील अनेक वस्त्यांची दाणादाण उडवली आणि प्राणहानीही झाली. या दऱ्या इतक्या अरुंद आहेत की नदी, लोहमार्ग, रस्ता आणि घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. पर्यटकांसाठी नवे लाकडी निवास बांधायचे तर त्यांनाही बऱ्याचदा तीच ओढ्याकाठची जागा मिळते. डोंगरावरची सपाट जागा कंपनीची असते. लोगन काऊंटीतील बफेलो क्रीक येथे २६ फेब्रुवारी १९७२ रोजी खाणीच्या गाळाचे धरण फुटून १२५ माणसे मृत्युमुखी पडली होती. तो ओढा जेथे नदीला मिळतो त्या मॅन गावातून आज एटीव्हीची वाट जाते. दऱ्यांत माणसे आणि माथ्यावर कंपनी, ही रचना तेव्हापासून फारशी बदललेली नाही.

सुरक्षेचे चित्रही संमिश्र आहे. एटीव्ही अपघातांतील मृत्यूंच्या प्रमाणात वेस्ट व्हर्जिनिया दीर्घकाळ देशात आघाडीवर राहिले आहे. राज्याने २००४ मध्ये कायदा करून अठरा वर्षांखालील मुलांना हेल्मेट सक्तीचे केले आणि आखीव पट्ट्यांच्या रस्त्यांवर एटीव्ही चालवण्यावर निर्बंध घातले. प्रौढांना मात्र हेल्मेटची सक्ती केवळ प्राधिकरणाच्या वाटांवर आहे. देशभरातील आकडेवारी पाहता एटीव्हीवरील निम्म्याहून अधिक मृत्यू रस्त्यांवर होतात. हे वाहन मऊ जमिनीसाठी बनवलेले आहे. डांबरावर त्याचे टायर अनपेक्षितपणे पकड घेतात आणि ते उलटते. त्यामुळे डोंगरावरची नियंत्रित वाट ही गावाच्या रस्त्यापेक्षा कमी धोक्याची ठरते, हा काहीसा विपरीत वाटणारा निष्कर्ष निघतो. गावांनी आपले रस्ते एटीव्हीला खुले केले यातील आर्थिक लाभ आणि हा धोका, दोन्ही एकाच निर्णयातून आले आहेत.

पर्यावरणाच्या दृष्टीने पाहता येथे एक वेगळीच परिस्थिती आहे. डोंगर आधीच पोखरलेला आहे. खाणीच्या जुन्या रस्त्यावर चाके फिरल्याने अस्पर्श अरण्य उद्ध्वस्त होत नाही. तरीही उतारावरची माती सैल होते, पावसात ती ओढ्यात उतरते, आणि ओढ्यातून वाहने नेण्याची हौस जलचरांच्या मुळावर येते. कॅबवेलिंगो या राज्य वनात (हे नाव कॅबेल, वेन, लिंकन आणि मिंगो या चार काऊंटींच्या नावांतील अक्षरे जोडून तयार झाले आहे) वाटांचा विस्तार झाला तेव्हा निसर्गप्रेमींनी आक्षेप घेतला तो याच कारणाने. खाणीच्या पडीक जमिनीपुरता हा प्रयोग असेल तोवर ठीक, पण यश मिळताच तो राखीव वनाच्या दाराशी का येतो, हा त्यांचा प्रश्न होता. पश्चिमेकडील सार्वजनिक जमिनींवर हाच संघर्ष अधिक तीव्र आहे. यूटामधील मोआबजवळच्या लॅबिरिंथ कॅनियन परिसरात केंद्रीय भूमी व्यवस्थापन विभागाने सप्टेंबर २०२३ मध्ये ३१७ मैलांच्या वाटा मोटारींसाठी बंद केल्या, तेव्हा वाहनप्रेमी संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला.

हिमालयात काय घडते आहे

भारतात अनेक दिवसांची एटीव्ही सहल हा प्रकार अद्याप रुजलेला नाही. येथे एटीव्ही म्हणजे सोलंग खोऱ्यात किंवा तत्सम ठिकाणी आखलेल्या मैदानातील छोटी फेरी. दिवसेंदिवस डोंगरात फिरणारी वाहने आहेत ती मोटारसायकली आणि जीप. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर येथून दर उन्हाळ्यात निघणारी तरुणांची पथके मनाली ते लेह किंवा मनाली ते काझा हा मार्ग धरतात. त्यांच्या उत्साहाचे कौतुकच करायला हवे. परंतु त्यांच्या आणि अमेरिकेतील स्वारांच्या परिस्थितीत एक मूलभूत फरक आहे. तेथे वाट, परवाना, विमा आणि गस्त यांची जबाबदारी एका संस्थेकडे आहे. येथे ती रस्ते बांधणाऱ्या सीमा रस्ते संघटनेपासून पोलीस, वन विभाग, पर्यटन विभाग आणि पंचायतीपर्यंत विखुरलेली आहे.

रोहतांग खिंडीचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. हिमनद्यांवर साचणारी काजळी आणि बेसुमार वाहने यांची दखल घेऊन राष्ट्रीय हरित लवादाने फेब्रुवारी २०१४ मध्ये आदेश दिले. पुढील वर्षी पर्यटक वाहनांची दैनिक संख्या एक हजारावर मर्यादित करण्यात आली आणि नंतर ती बाराशे झाली. पेट्रोल आणि डिझेल वाहनांचे कोटे वेगळे ठरले. २०१५ मध्येच सोलंग आणि रोहतांग परिसरातील बर्फावरच्या स्कूटर, एटीव्ही यांसारख्या व्यावसायिक उपक्रमांवरही लवादाने निर्बंध आणले. त्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबांनी दाद मागितली आणि प्रकरण वरिष्ठ न्यायालयांपर्यंत गेले. डोंगराची वहनक्षमता मोजून वाहने मर्यादित करण्याचा हा भारतातील एक महत्त्वाचा प्रयत्न होता, यात शंका नाही.

मात्र ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा खुला झाला आणि चित्र पालटले. नऊ किलोमीटरच्या या बोगद्यामुळे लाहौलच्या लोकांची हिवाळ्यातील कोंडी संपली. ही मोठीच उपलब्धी होय. आजारी माणसाला हेलिकॉप्टरची वाट न पाहता रुग्णालयात नेता येऊ लागले. परंतु खिंडीवर जी मर्यादा होती ती बोगद्याला लागू नाही. डिसेंबर २०२३ मध्ये नाताळच्या सुट्टीत एका दिवसात सुमारे २८ हजार वाहनांनी हा बोगदा ओलांडला. त्याच दिवसांत वाहतूक कोंडी टाळण्यासाठी एका पर्यटकाने आपली जीप थेट चंद्रा नदीच्या पात्रातून हाकली. चित्रफीत पसरल्यावर पोलिसांनी मोटार वाहन कायद्याखाली दंड केला. नदीच्या पात्रात वाहन घालण्याला रस्त्यावरील नियमभंगाचे कलम लावावे लागले, ही गोष्ट कायद्यातील उणीव पुरेशी स्पष्ट करते.

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २०१८ मध्ये साहसी पर्यटनासाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत एटीव्ही सहलींचा स्वतंत्र विचार केलेला आहे. चालकांचे प्रशिक्षण, साधनांची तपासणी, हेल्मेट, प्रथमोपचार अशा अपेक्षा त्यात नमूद आहेत. तथापि मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे. ती पाळली नाहीत तर काय, याचे उत्तर प्रत्येक राज्याच्या नियमांवर आणि त्याहून अधिक स्थानिक अधिकाऱ्यांच्या तत्परतेवर अवलंबून राहते. भाड्याच्या एटीव्हीवर अपघात झाला तर जखमी पर्यटकाने भरपाई कोणाकडे मागायची, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी अपघात झाल्यावरच विचारला जातो.

अमेरिकेतील रचना जशीच्या तशी येथे आणता येणार नाही आणि आणूही नये. वेस्ट व्हर्जिनियात डोंगर कंपन्यांचे होते, म्हणून कायद्याने प्रथम कंपन्यांना संरक्षण दिले. लाहौल-स्पिती हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येणारा प्रदेश आहे. योगायोग असा की वेस्ट व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने प्राधिकरणाचा कायदा केला त्याच १९९६ या वर्षी भारताच्या संसदेने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा संमत केला. येथे संरक्षण देण्याचा प्रश्न कंपनीपासून नव्हे तर ग्रामसभेपासून सुरू होतो. बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या सिस्सू परिसरात हिवाळ्यातील हालडा आणि पूना या उत्सवांच्या काळात पर्यटन उपक्रम बंद ठेवण्याचे निर्णय स्थानिक पंचायतीने घेतले आहेत. देवकार्यासाठी घेतलेला हा निर्णय आहे. पण वाहनांना कधी ‘नाही’ म्हणायचे हे गाव ठरवू शकते, हेही त्यातून सिद्ध झाले आहे. वेस्ट व्हर्जिनियातील गावांना स्वतःचे रस्ते खुले किंवा बंद करता येतात, डोंगराविषयी मात्र बोलता येत नाही. या एका बाबतीत लाहौलची गावे अधिक भाग्यवान आहेत.

उलट दोन गोष्टी तेथून घेता येण्यासारख्या आहेत. एक म्हणजे वाहनाऐवजी माणसाकडून घेतले जाणारे शुल्क आणि त्या शुल्काचा थेट वाटेच्या देखभालीशी जोडलेला संबंध. रोहतांगच्या परवान्यासाठीही पैसे भरावे लागतात, पण लाहौलच्या गावातील कचरा उचलणाऱ्या पंचायतीपर्यंत त्यातील किती पोहोचतो, हे पर्यटकाला दिसत नाही. दुसरी म्हणजे आधीच दुखावलेल्या जमिनीला प्राधान्य देण्याचे धोरण. एटीव्हीला कुरण, पाणथळ जागा किंवा नदीचे पात्र दाखवण्यापेक्षा जुन्या खाणी, बंद पडलेल्या खडी-केंद्रांचे रस्ते, बांधकामाच्या वेळी सोडून दिलेले वळणमार्ग दाखवणे अधिक शहाणपणाचे ठरेल. उंच हिमालयातील गवताळ कुरण एकदा चाकांनी फाटले की तेथील थंडीत ते पुन्हा उगवायला कित्येक वर्षे लागतात आणि त्या कुरणावर मेंढपाळांची जनावरे जगत असतात.

खाणीच्या जमिनीचा मुद्दा महाराष्ट्राच्याही जवळचा आहे. नागपूर, चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या अनेक जुन्या खाणी आयुष्याच्या अखेरीस आल्या आहेत. देशाने २०२४-२५ या आर्थिक वर्षात एक अब्ज टन कोळसा उत्पादनाचा टप्पा ओलांडला, त्यामुळे उतरणीची भाषा येथे अजून कोणी करत नाही. परंतु उत्पादन वाढत असतानाही एकेक जुनी खाण बंद होतच असते. वेस्टर्न कोलफिल्ड्सने महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या सहकार्याने २०१६ मध्ये नागपूरजवळ सावनेर येथे खाण पर्यटन सुरू केले. तेथे पर्यटक खाण पाहून त्याच दिवशी नागपूरला परततो. मुक्कामाची गरज पडत नाही आणि सावनेर तालुक्यातील एखाद्या घरातली रिकामी खोली रिकामीच राहते.

विदर्भातील खाणींच्या जमिनी कोळसा क्षेत्र संपादन कायदा, १९५७ याखाली शेतकऱ्यांकडून घेतलेल्या आहेत. कोळसा संपल्यानंतर त्यांचे काय करायचे, त्या कोणाला परत द्यायच्या की अन्य उपयोगात आणायच्या, ही चर्चा गेल्या काही वर्षांत सुरू झाली आहे. मॅकडॉवेलमध्ये कंपनी निघून गेली, माणसे निघून गेली आणि मालकी मात्र मागे राहिली. आजही तेथील स्वार ज्या डोंगरावरून जातात तो त्या खोऱ्यात राहणाऱ्यांचा नाही. वेकोलिच्या पट्ट्यात निर्णय व्हायचा आहे.